आधी आजींचे लुगडे, मग बाकीच्यांचे रंग



चैत्र जवळ आला की आमच्या टेंभुर्णीच्या घराघरांत लगबग सुरू होते. गहू-हरभरा घरात येऊन पडलेला असतो, कडुलिंबाला मोहर आलेला असतो आणि पुण्याला, मुंबईला, छत्रपती संभाजीनगरला स्थायिक झालेली मुले पाडव्याला गावी येण्याचे बेत आखू लागतात. अलीकडे या बेतांत कुटुंबाच्या छायाचित्राची भर पडली आहे. फोटोग्राफर ठरतो, मोबाइलवर निरोप फिरतात, ‘यंदा सगळ्यांनी पिवळे’ किंवा ‘पुरुषांनी मोरपंखी, बायकांनी राणी रंग’ असे फर्मान निघते आणि कपड्यांची पार्सले येऊ लागतात. घरातल्या आजी-आजोबांच्या वाट्याचे कपडे बहुधा शेवटी येतात, अंदाजाच्या मापाने येतात आणि त्यांच्या अंगावर प्रथम चढतात ते फोटोग्राफर दारात उभा असताना.

कपड्यांची निवड हा विषय वैद्यकीय सदरात कशासाठी, असे आपल्याला वाटेल. परंतु सणावाराच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांच्या तक्रारी पाहिल्या, तर त्यांतील पुष्कळ तक्रारींचे मूळ आदल्या दिवशीच्या कपड्यांत, चपलांत, उन्हात आणि लांबलेल्या जेवणात सापडते. म्हणून आज मी एकच गोष्ट सुचवणार आहे. कुटुंबाच्या छायाचित्राचे कपडे ठरवताना सुरुवात घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीपासून करावी. तिला काय आवडते, काय सोसते आणि काय नेसून ती तासभर सुखाने बसू शकते, हे आधी ठरवावे. बाकीच्यांनी आपले रंग त्याला जुळवून घ्यावेत.

रंग कोणी ठरवावा?

हे सौंदर्याच्या दृष्टीनेही योग्य आहे. आजींकडे हिरव्या काठाचे इरकल असेल, तर सुनांनी आणि नातींनी हिरव्याच्या जवळपासच्या छटा निवडाव्यात. आजोबा पांढरा सदरा, धोतर आणि टोपी यांखेरीज काही घालत नसतील, तर मुलांनी फिकट रंगांचे कुर्ते घालावेत. पंचविशीतला नातू कोणत्याही रंगात शोभून दिसतो. पंच्याऐंशीच्या आजोबांना मात्र आयुष्यात कधी न घातलेला भडक कुर्ता घातला की त्यांच्या चेहऱ्यावरचे अवघडलेपण छायाचित्रात उतरतेच. सर्वांनी एकाच रंगाचे कपडे घालण्याचीही आवश्यकता नाही. दोन-तीन जुळणारे रंग पुरेसे होतात.

ही जाणीव आपल्या भागाला नवी नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी मोठे नाव मिळवले. पडद्यातल्या स्त्रियांना पुरुष छायाचित्रकारासमोर संकोच वाटू नये, म्हणून त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि तेथील काम एका बाईंकडे सोपवले. समोरची व्यक्ती मोकळी असेल तरच चित्र चांगले येते, हे त्या काळच्या जड कॅमेऱ्यामागच्या माणसालाही ठाऊक होते.

कॅमेऱ्याच्या सोयीच्या दोन-चार गोष्टीही लक्षात ठेवाव्यात. अगदी बारीक चौकडी किंवा बारीक रेघांचे कापड डिजिटल छायाचित्रात लहरी उमटल्यासारखे दिसते. चकचकीत सॅटिनवर प्रकाश परावर्तित होऊन चेहऱ्याकडचे लक्ष कपड्याकडे जाते. भर उन्हात शुभ्र पांढऱ्या कपड्याचा पोत दिसेनासा होतो आणि चेहरा काळवंडतो. पण म्हणून पांढरा रंग टाळावा असे नाही. आमच्याकडे १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, कितीतरी घरांतल्या आजी शुभ्र पातळ नेसून सहकुटुंब छायाचित्र काढून घेतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा ओसरीच्या सावलीत ते पांढरे अतिशय सुंदर येते. आजोबांचा फेटा किंवा टोपी कपाळावर फार खाली आली, तर डोळ्यांवर सावली पडते. ती दोन बोटे वर सरकवावी. चष्मा मात्र काढायला लावू नये. ज्याला चष्म्याविना पायाखालचे दिसत नाही, त्याला तो काढून चार पावले चालवणे धोक्याचे आहे. शिवाय नातवंडांना आजोबा चष्म्यासहच ओळखीचे असतात. काचेवर चमक येत असेल, तर हनुवटी किंचित खाली घेतली की ती बहुधा जाते.

कमरेची गाठ

आता शरीराकडे वळू. ‘फोटोत लुगडे चापूनचोपून दिसले पाहिजे’ म्हणून कमरेची गाठ आवळली जाते. एक दिवस आवळल्याने फारसे बिघडत नाही; पण रोज त्याच जागी, त्याच घट्टपणे बांधलेली गाठ किंवा परकराची नाडी त्वचेवर वर्षानुवर्षे घासत राहते. प्रथम तेथे काळा पट्टा पडतो, मग खाज येते, सालपटे निघतात आणि कधी जखम होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी यांनी १९४५ मध्येच धोतराच्या घट्ट कासोट्यामुळे कमरेवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात अशाच दोन वृद्ध स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. एक ७० वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या कमरेवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसऱ्या साठीच्या उत्तरार्धातल्या होत्या. चाळीस वर्षे त्या परकराविना लुगडे कमरेला घट्ट आवळून नेसत होत्या. दोघींच्याही जखमेत कर्करोग आढळला.

घाबरून जाऊ नये. असा कर्करोग विरळा आहे. पण त्यावरून घ्यायचा धडा सोपा आहे. परकराला बारीक दोरीऐवजी रुंद पट्टीची नाडी घालावी. गाठीची जागा अधूनमधून बदलावी. घरात लुगडे सैल नेसावे किंवा काही वेळ गाऊन घालावा. धोतर-पायजम्यालाही हाच नियम लागू आहे. छायाचित्राच्या निमित्ताने आजींना नेसवताना लेकीने किंवा सुनेने कमरेची त्वचा एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावी. जुन्या आजी असे व्रण कुणाला दाखवत नाहीत, ‘कासोट्याचा घट्टा आहे’ म्हणून सोडून देतात. तीन आठवड्यांत न भरलेली, रक्त येणारी किंवा कडा जाड झालेली जखम असेल, तर ती डॉक्टरांना दाखवावीच.

ऊन, घाम आणि जरी

पंचांगात वसंत ऋतू असला, तरी मराठवाड्यात तो उन्हाळाच असतो. मार्चच्या उत्तरार्धात दुपारचा पारा ३५ अंशांच्या पुढे जाऊ लागतो आणि एप्रिलमध्ये चाळिशी गाठतो. वय वाढते तशी घामाची क्षमता घटते, तहान उशिरा लागते आणि तापलेले शरीर थंड होण्यास अधिक वेळ घेते. त्यातच रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ‘लघवीची गोळी’ चालू असेल, तर शरीरातील पाणी आणखी कमी होते. कंपवातासाठी, मानसिक आजारासाठी आणि सर्दी-खाजेसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या घाम कमी करतात. अशा व्यक्तीला अस्तर लावलेला जाकीट-कुर्ता, पॉलिस्टरची शेरवानी किंवा जड जरीची साडी नेसवून गच्चीवर गुढीशेजारी उभे केले, तर पंधरा-वीस मिनिटांतही भोवळ येऊ शकते.

यासाठी कापड सुती, सैल आणि फिकट रंगाचे निवडावे. आतला परकर आणि बनियनही सुतीच असावेत. वरून खादी आणि आतून नायलॉन असा प्रकार आम्हाला पुष्कळदा दिसतो. आजींना पैठणीच हवी असेल, तर त्यांना नाही म्हणू नये. पैठण आपल्याच भागातले आहे आणि ती पैठणी त्यांच्या आयुष्यातल्या कुठल्या दिवसाशी जोडलेली आहे, हे त्यांनाच ठाऊक असते. मात्र ती शेवटच्या क्षणी नेसवावी, छायाचित्र पंख्याखाली किंवा सावलीत काढावे आणि लगेच उतरवावी. आजी खुर्चीतून उठू शकत नसतील, तर नेहमीचे सुती पातळ तसेच राहू द्यावे आणि लग्नातला शालू शालीसारखा दोन्ही खांद्यांवरून मांडीपर्यंत घ्यावा. चित्रात शालू उठून दिसतो आणि आजींची ओढाताण वाचते.

वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ किंवा संध्याकाळी साडेपाचनंतरची ठेवावी. छायाचित्रकारालाही हाच प्रकाश हवा असतो. पाण्याचा तांब्या हाताशी असावा आणि तहान लागली नसली तरी घोट-घोट पाणी द्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे पाणी मोजून ठरवले आहे, त्यांनी मात्र तेच प्रमाण पाळावे. चेहरा लाल व कोरडा पडला, बोलणे असंबद्ध झाले किंवा अंग फार तापले, तर कपडे सैल करून, ओले फडके फिरवून, वारा घालत थेट दवाखाना गाठावा. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी ओतू नये.

उभे राहावे की बसावे?

सर्व कुटुंब उभे आहे म्हणून ज्येष्ठांनीही उभे राहावे, हा आग्रह सोडून द्यावा. फार वेळ उभे राहिल्याने पायांत रक्त साठते, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे ही शक्यता वाढते. ज्येष्ठांना मधोमध, हात टेकता येतील अशा खुर्चीत बसवावे. पाय जमिनीला पुरते टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील एवढी खुर्चीची उंची असावी. खाली सतरंजीवर बसवू नये. गुडघे दुखतातच, शिवाय उठताना सगळे हात ओढू लागतात आणि खांदा दुखावतो. उठवायचे झाल्यास प्रथम मिनिटभर पाय हलवायला सांगावे, मग सावकाश उभे करावे.

लुगड्याचा किंवा धोतराचा काठ जमिनीपासून दोन बोटे वर असावा. नऊवारीचा सुटलेला काठ, धोतराचा लोंबता सोगा आणि गुळगुळीत तळाची नवी चप्पल यांतून माकडहाडाची, मनगटाची आणि खुब्याची हाडे मोडतात. खुब्याचे हाड मोडले की अंथरुणावर महिनोन्‌महिने काढावे लागतात आणि पुष्कळ ज्येष्ठ पुन्हा पूर्वीसारखे हिंडूफिरू शकत नाहीत. नवी चप्पल हवीच असेल, तर आठ दिवस आधी घरात वापरून पाहावी. खरे तर छायाचित्रात चप्पल दिसतच नाही. जुनी, मागे पट्टा असलेली चप्पलच पायात राहू द्यावी. काठी लपवू नये. काठी हातात धरून ताठ बसलेले आजोबा चित्रात रुबाबदार दिसतात.

मधुमेह असलेल्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. गुढीची पूजा अनवाणी होते आणि नंतर त्याच गच्चीवर छायाचित्रे निघतात. बराच काळ मधुमेह असलेल्या अनेकांच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असते. तापलेल्या फरशीचा चटका त्यांना कळत नाही. संध्याकाळी फोड दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. पूजा होताच त्यांच्या पायांत चप्पल घालावी.

आजारपण आणि कपडे

अर्धांगवायू झालेल्या व्यक्तीला कपडे घालताना अधू हात आधी बाहीत घालावा, मग चांगला. काढताना उलट करावे, चांगला हात आधी आणि अधू हात शेवटी. डोक्यावरून घालायच्या कुर्त्यापेक्षा पुढून उघडणारा सदरा घ्यावा. बटणे लावता येत नसतील, तर शिंप्याकडून वरून बटणे आणि आतून वेल्क्रो अशी सोय करून घ्यावी. त्यामुळे आपला सदरा आपण घातला, हे समाधान त्यांना मिळते. आजींच्या ब्लाउजला पुढून हुक असावेत. अधू हात लोंबकळू देऊ नये. मांडीवर उशी ठेवून त्यावर शेला घ्यावा आणि हात शेल्यावर ठेवावा.

लघवीची नळी असेल, तर पिशवी चित्रात दिसू नये म्हणून ती मांडीवर ठेवून वर शाल घेतली जाते. असे कधीही करू नये. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच राहिली पाहिजे, नाहीतर पिशवीतली लघवी उलट वर जाऊन जंतुसंसर्ग होऊ शकतो. पिशवी खुर्चीच्या खालच्या बाजूला, जमिनीला टेकणार नाही अशी अडकवावी आणि पुढून लुगड्याच्या निऱ्या किंवा धोतर पसरू द्यावे. ऑक्सिजनची नळी डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज ‘एका फोटोपुरती’ काढू नये.

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईंच्या त्या बाजूच्या हातात घट्ट बांगड्या भरू नयेत आणि घट्ट बाही घालू नये. हाताला सूज येऊ शकते. त्यांना मोकळा ब्लाउज आणि दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर सोयीचा पडतो. ओढणी किंवा शाल घेणाऱ्या घरांतही हीच सोय करता येते. बोटांना सूज असणाऱ्यांच्या बोटांत जुनी अंगठी जोर लावून चढवू नये.

ट्रंकेतून काढलेले कपडे

ठेवणीतले कपडे ट्रंकेत डांबरगोळ्यांसह ठेवलेले असतात. ते आठवडाभर आधी काढून, झटकून, सावलीत वाऱ्यावर टाकावेत. हा वास दम्याच्या आणि जुन्या खोकल्याच्या रुग्णांना सोसत नाही. तान्ह्या बाळासाठी तर तो धोक्याचा ठरू शकतो. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जन्मतःच ‘जी-सिक्स-पीडी’ नावाच्या द्रव्याची कमतरता असते. डांबरगोळ्यांचा अंश असलेल्या कपड्यांच्या सहवासाने त्यांच्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. पणजीबाईंनी पणतवंडाला मांडीवर घेतलेले चित्र सर्वांनाच हवे असते. म्हणून त्या लुगड्याचा वास पूर्ण गेला आहे ना, हे आधी पाहावे. नवे कपडे एकदा साध्या पाण्यातून काढूनच घालावेत. त्यांतील खळ आणि कच्चा रंग वृद्धांच्या पातळ त्वचेला खाज आणतो.

छायाचित्राच्या आदल्या दिवशी आजोबांना कलप लावण्याची घाई होते. काळ्या कलपातील रसायनाची अनेकांना ॲलर्जी असते. दुसऱ्या दिवशी डोळे सुजून बंद होतात आणि छायाचित्र राहून जाते. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीतही बहुधा हेच रसायन असते. लावायचेच असेल, तर आठवडाभर आधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट पाहावी. पिकलेले केस छायाचित्रात वाईट दिसतात, असे मला तरी कधी आढळले नाही. टिकलीच्या गोंदामुळे काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. तो दिसू लागला असेल, तर टिकली बंद करावी.

विस्मरणाचा आजार असेल तर

अशा व्यक्तीला नवे कपडे, अनोळखी माणसे आणि सूचनांचा कलकलाट या तिन्ही गोष्टी एकदम सोसत नाहीत. त्यांच्यासमोर कपाट उघडे टाकू नये. दोनच कपडे दाखवून ‘यातले कोणते?’ असे विचारावे. बोट दाखवले की निवड झाली. कपडे त्यांच्या ओळखीचे, नेहमी धुतले जाणारे असावेत. नेसवण्याचे काम रोज काळजी घेणाऱ्या व्यक्तीनेच करावे. त्यांचे चित्र सर्वांत आधी काढून त्यांना मोकळे करावे, बाकीच्यांची चित्रे नंतर चालू द्यावीत. ‘इकडे बघा, हसा’ असे दहा जणांनी ओरडण्याऐवजी त्यांच्या हातात जुना अल्बम द्यावा. त्यात ओळखीचा चेहरा दिसला की जे हसू येते, ते छायाचित्रकाराने टिपावे.

जेवण आणि गोळ्या

छायाचित्रण नऊला संपणार असे ठरते आणि अकरा वाजतात. तोवर आजोबांनी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले असते आणि पोटात केवळ चहा असतो. अंगाला घाम, हाताला कंप, चिडचिड किंवा गोंधळलेले बोलणे दिसले, तर साखर उतरली असे समजून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही, तर पुन्हा तेवढीच द्यावी. बरे वाटताच जेवायला वाढावे. शुद्ध नसेल, तर तोंडाने काहीही न देता दवाखान्यात न्यावे. हे सारे टाळण्याचा मार्ग एकच : न्याहारी आधी, छायाचित्र नंतर. सारखे लघवीला जावे लागेल म्हणून त्या दिवशी गोळी टाळण्याची पद्धतही बरी नाही. गोळीची वेळ थोडी पुढे-मागे करता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

भिंतीवरचे छायाचित्र

आता थोडे अवघड बोलतो. व्यवसायामुळे मला अनेक घरांत जावे लागते. बैठकीच्या खोलीत हार घातलेली छायाचित्रे दिसतात. त्यांतील कितीतरी आधार कार्डावरच्या किंवा मतदार ओळखपत्रावरच्या चित्रावरून मोठी केलेली असतात. काही कुणाच्या लग्नातल्या गर्दीतून कापून काढलेली असतात, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहून गेलेला असतो. आयुष्यभर ज्या माणसाने घर उभे केले, त्याचे एकही स्वतंत्र, धड छायाचित्र घरात नसते. म्हाताऱ्या माणसाचे एकट्याचे छायाचित्र काढणे अशुभ, असा समज यामागे असतो. मी आपल्याला एवढेच सांगेन, की छायाचित्राने आयुष्य कमी होत नाही. सर्वांचे एकत्र चित्र झाले की त्याच कपड्यांत, त्याच खुर्चीत आजी-आजोबांचे प्रत्येकी एक आणि दोघे असतील तर जोडीने एक चित्र काढून घ्यावे. ते कशासाठी, हे बोलण्याची गरज नाही. आजोबांना आपले चांगले छायाचित्र हातात घेऊन न्याहाळता यावे, हे कारण पुरेसे आहे.

आणि घरात विधवा आजी असतील, तर त्यांच्या कपड्यांचा निर्णय परस्पर घेऊ नये. ‘त्यांना फिकटच बरे’ असे गृहीत धरून करडी साडी आणली जाते, मागच्या रांगेत कडेला खुर्ची दिली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ठराव होऊन गेले, तरी आपापल्या घरातली साडी मात्र आपल्यालाच निवडायची असते. आजींना एकांतात, प्रेमाने विचारावे, ‘तुम्हाला कोणता रंग नेसावासा वाटतो?’ त्यांनी हिरवे म्हटले तर हिरवे, पांढरे म्हटले तर पांढरे. रंगीत नेसण्याची सक्तीही तितकीच चुकीची आहे. खुर्ची मात्र मधलीच द्यावी. नकोसे वाटणे, मागे सरकणे आणि आपले मत न सांगणे या सवयी एकाकीपणाच्या असतात. त्या वाढत गेल्या, की जेवण, झोप आणि गोळ्या यांच्यावरही परिणाम होतो, हे आम्ही रोज पाहतो.

आपण स्वतः ज्येष्ठ असाल, तर आपल्यालाही एक विनंती. ‘मला काय, काहीही चालेल’ असे म्हणू नका. टोचणारा काठ, घट्ट गाठ, न आवडणारा रंग याबद्दल आधीच स्पष्ट सांगा. सांगितल्याने मुलांची सोय होते, गैरसोय नाही.

येत्या आठवड्यात एवढे करावे. दुपारच्या निवांत वेळी आजींच्या किंवा आजोबांच्या शेजारी बसून त्यांची ट्रंक उघडावी. त्यांना कपडे हाताळू द्यावेत. कोणते लुगडे कुणी घेतले, कोणता फेटा कुणाच्या लग्नातला, हे सांगू द्यावे. त्यांनी निवडलेला कपडा बाहेर ठेवावा, एकदा घालून पाहावा, काठाची उंची आणि कमरेची गाठ तपासावी, मग तो वाऱ्यावर टाकावा. एवढे झाल्यावर मोबाइल हातात घेऊन बाकीच्यांना रंग कळवावा.